खुर्चीचा दर्जा आणि संघटनेचें बळ

गांवाची पाटी बदलणें सोपें. पाटीखालीं राबणाऱ्या माणसांचा दर्जा बदलणें तितकें सोपें नाहीं. अकोला जिल्ह्यांतील तेल्हारा तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या हिवरखेडच्या ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली आणि २०२५ च्या डिसेंबरांत तिची निवडणूकहि पार पडली. याबद्दल हिवरखेडकरांचें आम्ही अभिनंदन करतों. परंतु अध्यक्ष कोणत्या पक्षाचा व कोणत्या प्रभागांत कोण निवडून आला, या चर्चेच्या गर्दींत एक प्रश्न मागें पडतां कामा नये. सकाळीं नळाचें पाणी सोडणारा, गल्ली झाडणारा, घरपट्टीची पावती फाडणारा आणि जन्ममृत्यूची नोंद संगणकांत चढविणारा, हीं माणसें गांवांत ग्रामपंचायत असतांना लागत होतीं आणि नगर परिषद झाल्यावरहि लागणारच. अशा प्रत्येक रूपांतराच्या वेळीं त्यांच्यांतील कोणाचें नांव मंजूर आकृतिबंधांत बसतें, कोणाचें शिक्षण अपुरें ठरतें, कोणाच्या नेमणुकीचा कागद सांपडत नाहीं आणि कोणाला ठेकेदाराच्या हजेरीपटावर जावें लागतें, यावर त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याचें नशीब ठरतें. नशिबाची ही वांटणी एकदां झाली, कीं ज्यानें-त्यानें आपल्यापुरतें पाहावें, हा आमच्या कचेऱ्यांचा जुना रोग डोकें वर काढतो. त्या रोगाचा विचार आज कर्तव्य आहे.

वऱ्हाडांतील कोणत्याहि सरकारी वा निमसरकारी कचेरींत जाऊन पाहावें. एकाच छताखालीं कायम नेमणुकीचा जुना कारकून असतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमला गेला म्हणून निराळ्या निवृत्तिवेतनाचा धनी झालेला तरुण कारकून असतो. मुदतीच्या करारावरील संगणकचालक असतो. बाहेरच्या संस्थेनें पुरविलेला शिपाई असतो. आणि रोजंदारीवरील सफाईवाला असतो. काम एकाच जनतेचें, पण पांचांचा पगार, रजा, आजारपणांतील आधार आणि म्हातारपणची भाकर पांच तऱ्हांची. कायम कारकुनास लोक ‘भाऊसाहेब’ म्हणतात, संगणकचालकास नुसतें ‘भाऊ’ म्हणतात, आणि सफाईवाल्यास एकेरी नांवानें हांक मारतात. दर्जा म्हणून जी कांहीं वस्तु आहे ती पगारपत्रकाच्या आधीं अशी तोंडावर येते.

कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर संघटनेच्या बाबतींत या पांचांमध्यें भेद नाहीं. संघटना स्थापण्याचा हक्क भारतीय राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमानें प्रत्येक नागरिकास दिला आहे. त्याच्याहि आधीं १९२६ च्या कायद्यानें सात माणसांस एकत्र येऊन कामगार संघटनेच्या नोंदणीसाठीं अर्ज करण्याची मुभा दिली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनें घेतली, तरी मूळ हक्क उभाच आहे; आणि सभासद कायम नोकरच असला पाहिजे, अशी अट त्या जुन्या कायद्यांत नव्हती व या नव्या संहितेंतहि नाहीं. सरकारी नोकराच्या संपाचा प्रश्न मात्र निराळा. तामिळनाडू सरकारनें २००३ मध्यें संपावर गेलेल्या दीड लाखाहून अधिक नोकरांना एका फटक्यासरशीं बडतर्फ केलें, आणि त्याच प्रकरणांत सरकारी नोकरास संपाचा मूलभूत हक्क नाहीं असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला. तथापि संघटित होण्याचा हक्क त्या निर्णयानें कोणाचाच गेला नाहीं. मग सभेला कोण येतो, वर्गणी कोण देतो, मागणीपत्रावर सही कोण करतो आणि मान खालीं घालून कोण बसतो, हें कशावरून ठरतें? आमचें उत्तर असें, कीं तें विचारांवरून थोडें आणि खुर्चीवरून फार ठरतें.

प्रथम वरच्या खुर्चीकडे पाहूं. तेथें बसणारा माणूस स्वतःस नोकर समजत नाहीं. तो स्वतःस सरकार समजतो. आज नायब आहे तो उद्यां मुख्य होईल, या आशेवर त्याचें आयुष्य चाललेलें असतें. ज्याच्या लेखणीनें आपला गोपनीय अहवाल लिहिला जावयाचा, त्याच्या दाराशीं उभें राहून घोषणा देण्यास मन धजत नाहीं. बढतीची आशा ही दंडाच्या भीतीहून अधिक प्रभावी बेडी आहे, कारण ती बेडी माणूस दागिना म्हणून मिरवितो. कारखाने व खाजगी आस्थापना यांच्यापुरती ही रेघ कायद्यानेंहि गडद केली. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यानें कारकुनी काम करणाऱ्यास कामगारांत धरलें. १९५६ च्या दुरुस्तीनें देखरेख करणाऱ्यासहि आंत घेतलें, पण पांचशें रुपयांची मर्यादा घालून. ती मर्यादा पुढें सोळाशें झाली, २०१० मध्यें दहा हजार झाली, आणि नव्या संहितेंत ती अठरा हजार आहे. म्हणजे देखरेखीचें काम तेंच, माणूस तोच. पगार मर्यादेच्या पुढें सरकला कीं तो कामगार राहत नाहीं! नांवामागें ‘पर्यवेक्षक’ ही पदवी लावून नोकरास संघटनेबाहेर काढण्याची युक्ति मालकवर्गाला कोणी शिकवावी लागत नाहीं.

मधली खुर्ची कायम कारकुनाची. कचेऱ्यांतील संघटनांचें खरें बळ या खुर्चींत आहे, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. केंद्राप्रमाणें महागाईभत्ता मिळावा म्हणून १४ डिसेंबर १९७७ रोजीं महाराष्ट्रांतील सरकारी कर्मचाऱ्यांनीं र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालीं जो संप पुकारला तो ५४ दिवस चालला. महिनाअखेरच्या पगारावर ज्यांची चूल पेटते अशा माणसांनीं जवळजवळ दोन महिने पगाराविना काढावे, ही लहान गोष्ट नव्हे. सरकारी कारकून हा भित्रा प्राणी आहे असें म्हणणाऱ्यांस त्या संपानें कायमचें उत्तर दिलें.

परंतु हें धैर्य त्याला आलें कोठून, याचाहि शोध घेतला पाहिजे. इंग्लंडमधील कारकूनवर्गाचा अभ्यास करून डेव्हिड लॉकवुड या समाजशास्त्रज्ञानें १९५८ मध्यें एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें असें दाखविलें, कीं जेथें कारकून एकेकटा मालकाच्या शेजारीं बसतो, मालकाच्या मर्जीवर त्याचा पगार ठरतो आणि घरच्या माणसासारखें त्याला वागविलें जातें, तेथें संघटना रुजत नाहीं. जेथें हजारों कारकून एकाच वेतनश्रेणींत, एकाच नियमाखालीं आणि एकाच प्रकारच्या बढतीच्या वाटेवर असतात, तेथें ती रुजते. हें विवेचन आमच्या वऱ्हाडास तंतोतंत लागू पडतें. अकोल्याच्या किंवा अकोटच्या बाजारांतील अडतीच्या पेढीवरचा मुनीम शेठजीच्या घरच्या लग्नांत पुढें होऊन राबतो आणि दिवाळीच्या पोस्तावर समाधान मानतो. त्याला संघटना ठाऊक नाहीं. सरकार, रेल्वे, टपाल, बँका येथील कारकुनास मात्र आपल्यासारखे दुसरे हजारों आहेत हें ठाऊक असतें, आणि एका नियमानें सर्वांचें बरें-वाईट होतें हेंहि ठाऊक असतें. त्याचें धैर्य हें कायमपणांतून आलेलें आहे. मग ज्याला कायमपणाच नाहीं त्याच्याकडे तेंच धैर्य मागणें हा कोठला न्याय?

आतां खालच्या खुर्चीकडे, किंवा जिला खुर्चीहि नाहीं अशा माणसाकडे वळूं. खेड्यांत टपाल वांटणारा ग्रामीण डाकसेवक घ्या. अडीच लाखांच्या घरांत असलेला हा वर्ग पूर्वीं ‘खात्याबाहेरचा’ म्हणूनच ओळखला जाई. खात्याचें काम करावयाचें, पण खात्याचें म्हणवून घ्यावयाचें नाहीं! १९७७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचें पद हें नागरी सेवेंतील पद आहे असें ठरविलें, तरी खात्याच्या नियमित नोकराची बरोबरी त्याला मिळाली नाहीं. अंगणवाडीच्या सेविकेला सरकार ‘मानसेवी’ म्हणतें, म्हणजे मान द्यावयाचा आणि वेतन द्यावयाचें नाहीं. २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तिला उपदानाचा हक्क आहे असा निर्णय दिला, तेव्हां कोठें तिचें काम हें काम आहे हें कायद्याच्या तोंडून वदविलें गेलें. कोतवालानें चतुर्थ श्रेणीची मागणी किती वर्षें करावी? ‘मानधन’, ‘सेवक’, ‘मानसेवी’ हे शब्द गोड आहेत. पण त्या गोडव्याआड वेतन, निवृत्तिवेतन आणि संरक्षण हीं तिन्ही लपविलीं जातात.

हा वर्ग संघटनेस नालायक आहे काय? मुळींच नाहीं. २०१८ च्या मे-जूनमध्यें देशांतील ग्रामीण डाकसेवकांनीं पंधरवड्याहून अधिक दिवस संप केला. महाराष्ट्रांतील अंगणवाडी कर्मचारी भगिनींनीं ४ डिसेंबर २०२३ पासून पुढील जानेवारीच्या अखेरपर्यंत पन्नासांहून अधिक दिवस संप चालविला. ज्यांना गमावण्यास थोडें आहे ते अधिक काळ लढतात, हा अनुभव नवा नाहीं. भेद इतकाच, कीं त्यांची लढाई त्यांना एकट्यानें लढावी लागते. शेजारच्या टेबलावरील कायम नोकर त्यांना चहा पाजतो, सहानुभूति दाखवितो, आणि आपल्या संघटनेचें दार मात्र लोटून घेतो.

मार्च २०२३ चा प्रसंग याचें ताजें उदाहरण आहे. जुन्या निवृत्तिवेतनासाठीं १४ मार्च रोजीं राज्यांतील लाखों कर्मचारी संपावर गेले आणि २० मार्च रोजीं संप मिटला. मागणी न्याय्य होती. तीस वर्षें सेवा करणाऱ्याचें म्हातारपण बाजाराच्या चढउतारावर सोडूं नये, असेंच आमचेंहि मत आहे. परंतु त्या आठवड्याकडे दर्जाच्या दृष्टीनें पाहावें. राजपत्रित अधिकाऱ्यांच्या महासंघानें आपण २८ मार्चपासून सामील होऊं असें जाहीर केलें; म्हणजे वरची खुर्ची दोन आठवडे वाट पाहणार होती, आणि तोंवर संपच संपला. मधली खुर्ची पहिल्या दिवसापासून रस्त्यावर होती. आणि खालचा कंत्राटी माणूस? त्याला निवृत्तिवेतन जुनें काय आणि नवें काय, दोन्ही सारखींच परकीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत सरकारनें नऊ खाजगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. त्यावर तरुणांनीं राज्यभर ओरड केली आणि ऑक्टोबरांत तो निर्णय मागें घ्यावा लागला. निर्णय गेला, पण त्यामागची वृत्ति गेली असें समजून कोणी निर्धास्त राहूं नये.

येथें कायम नोकरांच्या संघटनांस आम्हांस एक रोकडा सवाल विचारावयाचा आहे. तुमच्यांतील एकजण निवृत्त झाला म्हणजे त्याच्या जागीं कोण येतो? पुष्कळ ठिकाणीं जागा रिकामी राहते, किंवा करारावरील माणूस येतो. तुमच्या संघटनेचा सभासद गेला, आणि ज्याला तुम्ही सभासद करीत नाहीं तो आला. हें असेंच चाललें तर वीस वर्षांनीं तुमच्या संघटनेंत सेवानिवृत्तांचा मेळावा भरेल, पण संप करण्यास कोणी उरणार नाहीं. कंत्राटी माणसास आंत घेणें हें दान नव्हे; तो तुमच्याच घराच्या पायाचा दगड आहे.

कित्येक जण यावर असें म्हणतात, कीं कंत्राटी माणूस वशिल्यानें आला, परीक्षा देऊन आला नाहीं, मग त्यानें आमच्या बरोबरीनें कां बसावें? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. मागल्या दारानें झालेल्या नेमणुकी सरसकट कायम करतां येणार नाहींत असें सर्वोच्च न्यायालयानें २००६ मध्यें उमादेवी प्रकरणांत सांगितलें, तें स्पर्धेस बसणाऱ्या गरीब विद्यार्थ्याच्या हिताचेंच होतें. परंतु त्याच न्यायालयानें २०२४ च्या डिसेंबरांत हेंहि सुनावलें, कीं वर्षानुवर्षें कायम स्वरूपाचें काम तात्पुरत्या नांवाखालीं करवून घेणें हा सरकारला न शोभणारा प्रकार आहे, आणि उमादेवीच्या निकालाची ढाल त्यासाठीं वापरतां येणार नाहीं. शिवाय भरतीचा दोष नेमणाऱ्याचा असतो, नेमल्या गेलेल्याचा नव्हे. दहा वर्षें पाणी सोडणाऱ्या माणसास ‘तूं आलासच कसा’ असें अकराव्या वर्षीं विचारणें हें शहाणपणाचें लक्षण नाहीं.

दर्जाचा हा भेद नुसता पगाराचा असता तर तो आकडेमोडीनें मिटला असता. परंतु आमच्या देशांत खुर्चीखालीं जात दडून बसलेली असते. झाडू कोणाच्या हातीं आणि लेखणी कोणाच्या हातीं, हें नगरपालिकांच्या हजेरीपटांवर आजहि पाहून घ्यावें. जातिभेदानें नुसत्या कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच वांटणी होते, ही गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३६ मध्यें मांडली. आणि १९३८ मध्यें मनमाड येथें रेल्वेंतील अस्पृश्य कामगारांसमोर बोलतांना त्यांनीं भांडवलशाहीच्या जोडीला ब्राह्मणशाहीलाहि कामगारांचा शत्रु म्हटलें. ज्या संघटनेंत लेखणीवाल्यांची कार्यकारिणी आणि झाडूवाल्यांची वर्गणी, ती संघटना कामगारांची नव्हे, ती दर्जाची चौकी आहे.

याच्या उलट उदाहरणेंहि आमच्यापाशीं आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं रेल्वे व टपाल खात्यांत कारकुनी केली, पुढें गिरणींत भांडारपालाचें काम केलें. त्या खुर्चीवर बसून गिरणी कामगारांकडे तुच्छतेनें पाहणें त्यांना सहज शक्य होतें. त्यांनीं उलट १८८४ मध्यें कामगारांच्या सभा भरविल्या, त्यांची संघटना उभारली, आणि १८९० मध्यें रविवारची सुट्टी पदरांत पाडून दिली. आज प्रत्येक कारकून जी सुट्टी उपभोगतो ती गिरणीच्या सांच्यापाशीं उभ्या असलेल्या मजुरांच्या बळावर मिळालेली आहे. १९४६ च्या जुलैमध्यें टपाल खात्यांतील संपाचा आरंभ पोस्टमन व खालच्या श्रेणीचे नोकर यांनीं केला. लेखणीवाले मागाहून आले. त्याच वर्षीं कलकत्त्यास स्थापन झालेल्या अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटनेनें कारकून व शिपाई यांना एकाच झेंड्याखालीं घेतलें, आणि १९६६ मध्यें देशभरच्या बँकांशीं एकत्र करार करून घेतला. शिपायास बरोबर घेतल्यानें कारकुनाचा दर्जा बुडाला नाहीं, दोघांचाहि वाढला.

आतां जनतेच्या तक्रारीविषयीं. २०२३ च्या संपाच्याच दिवसांत राज्यांत अवकाळी पाऊस व गारपीट झाली, उभीं पिकें झोपलीं, आणि पंचनामे करावयास कोणी नाहीं म्हणून शेतकऱ्यांची कुचंबणा झाली. ज्या शेतकऱ्याला स्वतःला निवृत्तिवेतन नाहीं, त्यानें ‘यांना आणखी काय पाहिजे’ असें विचारलें तर त्याचा राग अनाठायीं म्हणतां येत नाहीं. कर्मचाऱ्यांच्या संघटनांनीं हा राग सरकारच्या चिथावणीचा परिणाम समजून झटकून टाकूं नये. ज्या संघटनेंत कचेरींतील सर्वांत खालचा माणूस नाहीं, त्या संघटनेची गांवाशीं असलेली नाळच तुटलेली असते. कारण तो खालचा माणूस बहुधा त्याच गांवच्या शेतकऱ्याचा नाहीं तर शेतमजुराचा मुलगा असतो. त्याला आंत घ्या, म्हणजे गांवहि तुमच्या बाजूस येईल.

तेव्हां आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. प्रत्येक कचेरीच्या संघटनेनें आपल्या घटनेंत दुरुस्ती करून, त्या कचेरीचें काम करणारा प्रत्येक माणूस, मग तो कायम असो, करारावरील असो वा ठेकेदाराचा असो, सभासद होण्यास पात्र धरावा; त्याची वर्गणी त्याच्या मिळकतीच्या मानानें असावी; आणि कार्यकारिणींत त्याच्यासाठीं जागा राखून ठेवाव्या. मागणीपत्रांत सर्वांत खालच्या माणसाची मागणी पहिल्या क्रमांकावर घालावी. लढ्याच्या काळांत पाणी, दवाखाना आणि पिकांचे पंचनामे हीं कामें स्वतःहून चालूं ठेवावीं, व तसें आधीं जाहीर करावें. हिवरखेडच्या नव्या लोकप्रतिनिधींस आमची विनंती अशी, कीं ग्रामपंचायतीच्या काळापासून काम करीत आलेल्या प्रत्येक माणसाचें नांव, काम व कामावर लागल्याची तारीख यांची यादी त्यांनीं नगर परिषदेच्या फलकावर उघड लावावी. ज्याचें नांव फलकावर आहे त्याला कोणी गुपचूप ठेकेदाराकडे लोटूं शकत नाहीं.

वरच्या खुर्चीनें खालच्या खुर्चीस ओळख द्यावी ही अपेक्षा भाबडी आहे, असें कांहीं व्यवहारी गृहस्थ म्हणतील. त्यांना आम्ही इतकेंच सांगतों, कीं कायम नोकराचें कायमपण हेंहि कोणी त्याला प्रेमानें दिलेलें नव्हे. तें त्याच्या आधींच्या पिढीनें एकजुटीनें मिळविलें. त्या ऐवजाचें तो वारस आहे, मालक नव्हे. वारसानें ऐवज वाढवून पुढच्याच्या हातीं द्यावयाचा असतो. तो पुढचा आज त्याच्याच शेजारीं, करारावर, महिना संपण्याची वाट पाहत बसला आहे.